फॉलोअर मंडळींचे शब्दसुमनांनी स्वागत

लग्न लागायच्या आधी मांडवात माईक धरून जो माणूस बोलत असतो, तो मी. एरवी शाळेत मराठी शिकवतो आणि लग्नसराईत निवेदन करतो. आमच्या सोलापूरकडं एक वेळ भटजी उशिरा आले तरी चालतं, पण निवेदकावाचून लग्न लागत नाही. कोण आलं, कोण वाटेत आहे, कोण आत्ता गाडीतून उतरतंय, कोणाला यायला जमलं नाही पण त्यांनी शुभेच्छा पाठवल्यात, हे सगळं माझ्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय लोकांच्या हातातल्या अक्षता सुटत नाहीत. आमटी पातळ झाली तर पाहुणे चालवून घेतात. नाव घ्यायचं राहिलं तर मुलांना सांगून ठेवतात, या घरी पुढं जायचं नाही म्हणून.

या कामात आवाज दुय्यम, क्रम महत्त्वाचा. कारखान्याचे माजी संचालक आधी की बाजार समितीचे विद्यमान सदस्य आधी, हे ज्याला उभ्या उभ्या ठरवता येत नाही त्यानं माईकला हात लावू नये. माझ्या हातात चिठ्ठ्या येत राहतात. चिठ्ठीत एक नाव असतं आणि त्याच्यापुढं विशेषणांचं वऱ्हाड. विशेषणं नसली तरी अडत नाही. माणूस मांडवात शिरताना मी त्याच्या मागं बघतो. मागं घोळका असेल तर तो कार्यसम्राट, दोघं-तिघं असतील तर युवकांचे प्रेरणास्थान, आणि एकटाच चालत आला असेल तर आमचे मार्गदर्शक. यात मी फारसा चुकत नाही.

आमच्या घरातली आणि भावकीतली सगळी लग्नं मीच माईकवरून पार पाडली. त्यामुळं आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा माईक कोणाकडं हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. दाजींना जाऊन काही वर्षं झाली होती. स्थळ बघण्यापासून बैठकीपर्यंत सगळीकडं मीच पुढं होतो. मुलगा माळशिरसकडचा, घरी ऊस, नोकरी पुण्यात. भाचीही पुण्यातच एका कंपनीत. दुसऱ्यांची सोशल मीडियावरची पानं सांभाळणं हे तिचं काम. सराफाचं दुकान असो की दवाखाना, त्यांच्या नावानं रोज काय टाकायचं आणि लोक कसे जोडायचे हे ती ठरवते. लग्न उन्हाळ्यात धरलं होतं आणि मी दिवाळीपासूनच सुरुवातीचं वाक्य घोळवत होतो.

मग एका रविवारी आक्का आली. चहा घेतला, शेंगदाण्याची पोळी खाल्ली, माझ्या बायकोच्या नव्या साडीचं कौतुक केलं, पण माझ्याकडं काही बघेना.

“एक सांगायचं हाय,” ती शेवटी म्हणाली. “रागाला येऊ नगं.”

“बोल की.”

“माईकवर दुसरा मानूस येनार हाय म्हनं. पोराकडच्यांचा, तिकडचाच. लई गाजलेला हाय. त्याचं लाखात फॉलोअर हायती म्हनं.”

“आन् माझं काय वाईट हाय?”

“वाईट कुटं म्हनलं मी? पन तुज्या भावाचं फॉलोअर किती, आसं ईचारलं की.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हनलं, शाळेतली पोरं हायती.”

मी कप खाली ठेवला आणि जाहीर केलं की असं असेल तर मला लग्नालाही यायचं कारण नाही. बायको आतून म्हणाली, “जाहीर करायला हितं काय माईक लावलाय व्हय?” पण मी ऐकणाऱ्यातला नाही. ज्या घरात माझा आवाज चालत नाही तिथं मी अक्षता टाकायलाही जाणार नाही, असं आक्काला तिच्या तोंडावर सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून गेली. मला वाईट वाटलं, पण अपमान त्याहून मोठा वाटत होता. इतकी वर्षं मी लोकांना मान वाटत आलो आणि घरच्या लग्नात माझा मान फोनवरच्या आकड्यानं ठरणार होता.

दोन-तीन दिवसांनी भाचीचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती कामाचंच बोलायला लागली.

“मामा, तुम्ही पेज काढा. लग्नाला अजून वेळ आहे. तुमचे चांगले फॉलोअर झाले की मी स्वतः बोलते सगळ्यांशी. मग माईक तुमचाच. पण एक अट आहे.”

“कसली?”

“घाई करायची नाही. हळूहळू वाढवायचं. विकतचे फॉलोअर घ्यायचे नाहीत, नाचायचं नाही, कुणाची नक्कल करायची नाही. अर्थपूर्ण काहीतरी करा. एकेक माणूस जोडा. प्रत्येक फॉलोअर हा माणूस असतो, मामा, आकडा नसतो. त्याला वाटलं पाहिजे, या पेजवर आपली दखल घेतली जाते.”

माणसांची दखल घेणं हे मला शिकवायला नको होतं. मी पानाला ‘दोन शब्द’ असं नाव दिलं आणि कामाला लागलो. बोलायची वेळ आल्यावर माणसाला बोलता यावं, एवढाच विषय ठेवला. आभार कसे मानावेत, पाहुण्यांचं स्वागत कसं करावं, सेवानिवृत्तीच्या समारंभात सत्कारमूर्तीच्या डोळ्यांत पाणी कधी आणावं.

पहिला व्हिडिओ मी चटणीच्या बरणीला फोन टेकवून काढला. फेटा बांधला होता. घसा साफ केला आणि म्हणालो, “या मंगलप्रसंगी उपस्थित असलेले सर्व मान्यवर, ज्येष्ठ, श्रेष्ठ, बंधू-भगिनी आणि बालगोपाळ...” तेव्हा समोर फक्त बायको होती आणि ती भेंडी चिरत होती. स्वागत झालं, दीपप्रज्वलनाबद्दल थोडं झालं, मग माझ्या लक्षात आलं की व्हिडिओची वेळ संपली. भाचीला पाठवला. ती म्हणाली, “छान आहे मामा, पण विषय सुरू व्हायच्या आधीच संपला.” मी म्हटलं, आपल्याकडं कार्यक्रम असेच असतात.

पहिली फॉलोअर बायको झाली, तेही तिचा फोन मी स्वतः हातात घेऊन केल्यावर. दुसरे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. मग शाळेतले शिपाईमामा, मग एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक जुना विद्यार्थी. भाची म्हणाली होती दखल घ्या, म्हणून मी घेतली. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला आदल्या दिवशी आलेल्या फॉलोअरांचं नाव, गाव आणि विशेषणासह स्वागत सुरू केलं. ‘यंत्रमाग क्षेत्रातले उमदे व्यक्तिमत्त्व, आमचे माजी विद्यार्थी, यांनी आपल्या दोन शब्द परिवारात पदार्पण केले आहे, त्यांचे मी शब्दसुमनांनी स्वागत करतो.’ त्या पोरानं तो व्हिडिओ कारखान्यात मशीन बंद असताना सगळ्यांना दाखवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाळीतले बरेच जण येऊन मिळाले. त्या सगळ्यांना मी दुसऱ्या दिवशी नावानिशी व्यक्तिमत्त्व करून टाकलं.

हे पुण्यामुंबईच्या लोकांना सुचणार नाही. तिकडं फॉलोअर म्हणजे फॉलोअर. आमच्याकडं तो पाहुणा, आणि पाहुणा म्हटला की मान आला, मान आला की रुसवा आला.

पहिला रुसवा एका पतसंस्थेच्या चेअरमननी केला. त्यांनी मला फॉलो केलं ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. मी त्यांच्यासाठी चांगली पाच-सहा विशेषणं काढून ठेवली होती. पण त्यांच्या ड्रायव्हरनं त्यांच्या आधी थोडा वेळ फॉलो केलं होतं आणि मी आलेल्या क्रमानं नावं घेतली. आधी ड्रायव्हर, मग चेअरमन. इतकी वर्षं क्रम सांभाळला आणि फोनवर नेमका तिथंच घसरलो. चेअरमननी दुपारीच मला सोडलं. त्यांच्यामागं संचालक मंडळ गेलं, मग कर्मचारी गेले, आणि संध्याकाळी बिचारा ड्रायव्हरही गेला.

मी शाल आणि नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. बायको म्हणाली, फोनमधल्या माणसाला नारळ देणारे तुम्ही पहिलेच. चेअरमन बराच वेळ टीव्ही बघत राहिले. मग म्हणाले, “सर, माजं काय न्हाय वो. पन लोकं काय म्हनतील?” पुन्हा फॉलो करायला ते तयार होते, पण नाव सगळ्यात वर पाहिजे. मी सांगितलं, वर-खाली आपल्या हातात नसतं, ते आतूनच होतं. त्यांनी विचारलं, आतमध्ये आपलं कोण ओळखीचं आहे का? शेवटी तडजोड झाली. ते परत आले आणि मी एक अख्खा व्हिडिओ ‘पुनश्च स्वागत’ म्हणून केला.

ती माझी घोडचूक ठरली. पुनश्च स्वागतात जास्त विशेषणं मिळतात हे लोकांच्या लक्षात आलं. मग आधीच आलेली मंडळी मला सोडून परत यायला लागली. माझे पोस्टमास्तर, ज्यांच्या घरून माझ्या घरी वर्तमानपत्र येतं, त्यांनीसुद्धा सकाळी सोडलं आणि दुपारी परत धरलं. गेटपाशी भेटले तर म्हणाले, “मास्तर, बगा जरा, आमी नव्यानं आलोय.” माझा आकडा दिवसभर वर-खाली व्हायचा आणि रात्री होता तिथंच असायचा.

त्यात आहेराची पद्धत. आपण कुणाच्या लग्नात आहेर केला की आपल्या लग्नात तो परत यायला पाहिजे, हे ज्यांच्या हाडात आहे ते फॉलो करून गप्प बसणार नाहीत. आक्काच्या चुलतजाऊबाईंचा फोन आला. “दादा, आमी तुमाला केलं, माज्या दोनी पोरांनी केलं, जावयानं केलं. तुमी आमच्या घरात कुनालाच केलं न्हाय की.” तेव्हापासून मी करत सुटलो. आज माझ्या फोनवर सकाळी उठल्याबरोबर एक कोंबडीखाद्याचा विक्रेता, मोटारसायकल मागच्या चाकावर चालवणारा एक भाचेजावई आणि रोज वेगळ्या देवाचा फोटो टाकणाऱ्या एक विहीणबाई दिसतात. माझं स्वतःचं मला खाली खाली जाऊन शोधावं लागतं.

भाचीला हे सगळं सांगितलं की ती खूप हसायची. हसून झालं की म्हणायची, “असू दे मामा. हळूहळूच होतं. पाया पक्का होतोय.” मी विचारायचो, माईकपुरता पाया कधी होईल? ती म्हणायची, बघू या.

तरी खोटं कशाला बोलू, काहीतरी होत होतं. मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्यानं निरोप पाठवला. त्याच्या मुलीचं लग्न होतं, शेवटी आभार मानायचे होते आणि माईक बघितला की त्याचे पाय कापतात. काय बोलू तेवढं लिहून द्या, म्हणाला. मी चार-पाच वाक्यं दिली. लग्न झाल्यावर त्यानं स्वतःच्या आवाजात बोललेलं मला पाठवलं. मधल्या एका वाक्यावर त्याचा आवाज फुटला, थोडा वेळ नुसता मांडवातला कलकलाट ऐकू आला आणि मग त्यानं उरलेलं सगळं न चुकता म्हटलं. मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं आणि तास असूनही जरा उशिरा वर्गावर गेलो.

मग तसे निरोप येत गेले. टॉवेलच्या कारखान्यातला एक कामगार, घरी तेलुगू बोलणारा, त्याचा भाऊ वारला होता. शोकसभेत सगळ्यांसमोर मराठीत दोन शब्द बोलायचे होते. एका बाईंना सासूच्या पंचाहत्तरीला बोलायचं होतं. त्यांनी कळवलं, सर, चांगलं बोलायचं आहे पण खोटं बोलायचं नाही. ते मात्र मला फार अवघड गेलं. अशी माणसं एकदा आली की सोडून जात नव्हती आणि पुनश्च स्वागतही मागत नव्हती. दुसऱ्या कोणाला बोलायचं असलं की त्याला माझ्याकडं पाठवत होती. मला आतून बरं वाटायचं. पण त्यांची संख्या एका बऱ्यापैकी बारशात मावेल एवढीच होती, आणि लग्न जवळ येत होतं.

अशात होळीच्या सुमाराला तो प्रकार झाला. मी शोकसभेत कसं बोलावं यावर व्हिडिओ काढत होतो. विषय गंभीर म्हणून पांढरा सदरा घातला होता, दार लोटून घेतलं होतं. “अशा प्रसंगी शब्द अपुरे पडतात,” असं म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि बायको हातात नळी घेऊन आत आली.

“आवो, पानी आलंय! मेलेल्याला ऱ्हाऊ द्या, मोटर लावा आदी!”

आणि मी डोळे उघडून, पांढऱ्या सदऱ्यासकट, माईकसारखा धरलेला चमचा टाकून पळालो. फोन चालूच होता. त्यात पुढं बराच वेळ रिकामी खुर्ची दिसते आणि मागं आम्ही दोघं पिंपांवरून भांडतोय ते ऐकू येतं. हे सगळं चुकून पानावर चढलं.

सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं आणि आल्यावर घराघरांत काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्या प्रत्येकानं तो व्हिडिओ बघितला आणि पुढं पाठवला. माझा जन्म गेला विशेषणं जमवण्यात आणि लोकांना आवडली बायकोची नळी. फोन वाजायचा थांबेना. एका दिवसात एवढे फॉलोअर आले की नावं वाचायची सोय राहिली नाही. रिक्षावाला मला बघून म्हणाला, “क्या मास्तर, पानी आया क्या?” शाळेत प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी मोटर लावा म्हणालं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी आकडा बघत होतो. असाच आठवडाभर चालला असता तर माळशिरसच्या त्या गाजलेल्या निवेदकाचा फोटोतला गॉगल उतरला असता.

मी आनंदानं भाचीला फोन केला. तिनं व्हिडिओ आधीच बघितला होता.

“मामा, तो काढून टाका.”

“काय?”

“काढून टाका. ही गर्दी टिकणारी नाही. ती मामीला बघायला आली आहे, तुम्हाला ऐकायला नाही. उद्या तुम्ही आभार मानायला लागलात की सगळे पळतील. तुमची ती मंगळवेढ्याची, कारखान्यातली माणसं यात हरवून जातील. आजच काढा. माझी शपथ.”

मी पुष्कळ भांडलो. अगं, माईक हातात आला आहे माझ्या, म्हणालो. पण तिनं शपथ घातली होती, आणि या विषयातलं तिला कळतं असं मी सगळीकडं सांगत आलो होतो. मी व्हिडिओ काढून टाकला. आलेले लोक थोडे दिवस वाट बघत थांबले, मग मी सेवानिवृत्तीवर बोलायला लागलो तसे उठून गेले. बायको मात्र खूश होती. तिला त्या व्हिडिओमुळं मंडईत वाटाणे निवडून घ्यायची मुभा मिळाली होती ती तशीच राहिली.

लग्नाच्या आठवड्यापर्यंत माझं पान होतं तिथंच होतं. माईक गेला तो गेलाच. लग्नाला न जाण्याची भाषा मी बरीच आधी सोडली होती, कारण बायकोनं दोघांच्या कपड्यांच्या बॅगा भरून ठेवल्या होत्या.

माळशिरसला मांडव बघून डोळे दिपले. पंखे पाण्याचे फवारे मारत होते, तरी माणूस भाजून निघत होतं. आणि व्यासपीठावर तो होता. जाकीट, गॉगल, हातात माईक, समोर त्याचा स्वतःचा कॅमेरावाला. आम्ही खाली जे बघत होतो तेच लाखभर लोक घरी बसून बघत होते म्हणे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्याचे दोष काढायला लागलो. श्वास चुकीच्या ठिकाणी घेत होता. साखर कारखान्याच्या माणसाआधी दूध संघाच्या माणसाचं नाव घेतलं. पण आवाज चांगला होता आणि लोक ऐकत होते. हे लिहायला मला अजून जड जातं.

मुहूर्त जवळ आला तसा तो म्हणाला, “वधूच्या मामांना नम्र विनंती, त्यांनी वधूला घेऊन मंडपात यावे.” हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो. आपल्याला कोणी म्हटल्यावर काय करायचं असतं ते मला पटकन सुचलं नाही. बायकोनं ढकललं तेव्हा उठलो.

खोलीत भाची शालू नेसून, मुंडावळ्या बांधून उभी होती. तिच्याभोवती मैत्रिणी, करवल्या, पदर सारखा करणाऱ्या बायका. मी दारातच थांबलो. चेहरा हसरा ठेवायचा असं ठरवलं होतं, तरी तोंडातून निघालंच. “चला. बोलावलंय तुमच्या सासरच्यांच्या माणसानं.”

तिनं सगळ्यांना जरा बाहेर जायला सांगितलं.

“मामा, तो सासरच्यांचा माणूस नाही. त्यांना तर तुम्हीच पाहिजे होता. आईकडून मीच तसं सांगायला लावलं. त्याला मी ठरवलंय.”

मला काही कळेना.

“मोठ्या ताईच्या लग्नात पप्पा आजारी होते, खुर्चीत बसून होते. तुम्ही माईकवर होता. ताईच्या मागं कुठला तरी लांबचा मामा उभा केला होता, तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. ती सारखी वळून तुम्हाला बघत होती आणि तुम्ही आमदारांचं स्वागत करत होता. आता तर पप्पा न्हाईतच. मला पाठीशी तुम्ही पाहिजे होता.”

“मग तसं सांगायचं की सरळ!”

“सरळ सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दोन्ही करतो. वायर नसलेला माईक घेऊन माझ्या मागं उभं राहिला असता.”

तसं मी केलंच असतं.

“तुम्ही लग्नालाच यायचं न्हाय म्हणून बसला होता. तुम्हाला कशात तरी गुंतवायला पाहिजे होतं. म्हणून म्हटलं, पेज काढा. हळूहळू वाढवा.” ती रडत होती आणि हसतही होती, काजळ बिघडू नये म्हणून मान वर धरून. “आणि तुम्ही पाण्याच्या व्हिडिओवर एका दिवसात त्याला गाठायला निघाला. मला ऑफिसात घाम फुटला, मामा.”

मला राग आला. खोटं सांगत नाही, आधी रागच आला. दिवाळीपासूनची माझी मेहनत, ते रुसवे, ती शाल, तो नारळ, कोंबडीखाद्यवाला, आणि ही पोरगी पुण्यात बसून माझा आकडा खाली कसा राहील ते बघत होती. वर अर्थपूर्ण अर्थपूर्ण म्हणत होती. मी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर ऐनवेळी कोणासाठीही शब्द काढून देणारा माणूस मी, आणि मला एक शब्द सापडला नाही. ती पुढं आली, माझा फेटा सरळ केला आणि म्हणाली, “चला, उशीर होतोय.”

आम्ही मंडपात आलो. अंतरपाट धरला. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले. शालूच्या आत ती थरथरत होती. एवढ्या उकाड्यात तिचे खांदे गार होते. समोरच्या गर्दीला यातलं काहीच दिसत नव्हतं. माझ्या नेहमीच्या जागेवरूनही ते दिसलं नसतं.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी त्या पठ्ठ्यानं शेवटची नावं घेतली. वधूच्या मामांचं नाव घेतलं ते साफ चुकीचं. आमच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. इतक्या लोकांसमोर, फोनवरच्या लाखभर माणसांसमोर, माझ्या जागी भलताच कोणी मामा झाला होता. बायकोनं बायकांतून हात केला, चिठ्ठी पाठवा म्हणून. चुलतभावानं खिशातला पेन काढला, पत्रिका फाडून कागद केला आणि दोन्ही माझ्यापुढं धरले. माझं नाव तेवढं लिहायचं होतं.

माझे दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर होते. मी मान हलवून नको म्हटलं.